आधी बरं की आता?

माझी धाकटी जाऊ चष्म्याच्या दुकानात काम करते आणि मला ती सहन होत नाही. हे आधीच सांगून टाकते. पुढे तिच्याबद्दल चार शब्द चांगले आले, तर ते माझ्या तोंडून किती मुश्किलीनं निघाले असतील याची वाचणाऱ्याला कल्पना असावी.

घरात तिला धाकटी म्हणतात आणि मला थोरली. मी या घरात सून म्हणून पंधरा वर्षांपूर्वी आले, ती नऊ वर्षांपूर्वी. मधली सहा वर्षं मी एकटीच सून होते आणि ती सहा वर्षं फार बरी गेली. सासूबाई ज्याला त्याला सांगायच्या, "आमची सून कॉम्प्युटर शिकवते." मग धाकटी आली आणि लोक विचारायला लागले, "कुठली सून?"

दिसायला ती काही विशेष नाही. हे मी जळून म्हणत नाही, ती स्वतःही तसंच म्हणते, आणि इतक्या सहज म्हणते की समोरच्याला "छे छे, काहीतरीच काय!" असं म्हणावंच लागतं. बुटकी, सडपातळ, केस कायम एका साध्या पिनेत. उजव्या अंगठ्यावर बारीक बारीक जुने चिरे आहेत. दुकानाच्या मागच्या खोलीत चाकावर भिंगं घासून ती फ्रेमच्या मापाची करायची, तेव्हाचे ते. पहिली पाच-सहा वर्षं तिनं तेवढंच केलं. मग मालकिणीनं तिला पुढे आणलं आणि डोळे तपासायला शिकवलं.

तिचं काम मी जवळून पाहिलंय, कारण माझा चष्माही तिच्याच हातचा. दुसऱ्या दुकानात गेले असते तर घरभर बोभाटा झाला असता. गिऱ्हाइकाला ती खुर्चीत बसवते, स्वतः समोर स्टुलावर बसते, त्याच्या डोळ्यापुढचं एक भिंग बदलते आणि विचारते, "आधी बरं होतं की आता?" एका वेळी एकच भिंग. मग गप्प बसते. गिऱ्हाईक म्हणालं, "तसंच वाटतंय," तर म्हणते, "मग तसंच," आणि पुन्हा पहिलं भिंग लावते. पाच मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं. तिसऱ्या भिंगालाच मला ओरडावंसं वाटलं होतं, की अगं बाई, अंदाजानं लाव आणि सोड मला! पण चष्मा असा बसला की चार वर्षांत एकदाही डोकं दुखलं नाही. लग्नाआधी माझे दीरही असेच तिच्याकडे चष्मा करायला गेले होते. एका आठवड्यात तीनदा नंबर तपासून आले. त्यांना नंबर नव्हताच, अजूनही नाही.

आणखी एक सवय. काहीही हातात आलं की ती आधी उजेडाकडे धरून बघते. लग्न ठरल्यावर पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी तिला पाणी दिलं, तर बाईसाहेबांनी पेला खिडकीकडे धरला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आल्या आल्या माझ्या घासण्याला नावं ठेवतेय! नंतर कळलं की स्वतःच्या घरीही ती तेच करते. तरी तो पेला मी तिला अजून माफ केलेला नाही.

एका बाबतीत मात्र मी निर्धास्त होते. घरात कॉम्प्युटर म्हटलं की मी. मोठ्या माणसांना कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एका संस्थेत मी सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी चार ते सात शिकवते. ज्यांना माउस धरता येत नव्हता अशांना मी आठवड्याभरात पत्र टाइप करायला लावलंय. सासूबाईंच्या मागच्या खोलीतला डेस्कटॉप मीच निवडला, मीच जोडला, मागच्या वायरींना मीच चिठ्ठ्या लावल्या. त्या तळमजल्यावर राहतात, आम्ही त्याच जिन्यानं दोन मजले वर, धाकटी आणि दीर दुसऱ्या गल्लीत. काही अडलं की त्या जिन्याखाली उभ्या राहून हाक मारायच्या, "थोरले, हा रुसला बघ!" मी हातातलं टाकून खाली धावायचे. मला धावायला आवडायचं.

सासूबाईंच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे त्यांचं दुकान. कपडे बेतून द्यायचे, सैल घट्ट करायचे, आखूड लांब करायचे, हे काम त्यांनी अडतीस वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे कान जायला लागले. कानात यंत्र बसवलं, पण यंत्रानं आवाज येतो, शब्द येत नाहीत, असं त्या म्हणायच्या. गिऱ्हाईक बोलत राहायचं, त्या मान हलवत राहायच्या आणि नंतर अंदाजानं कात्री चालवायच्या. एका गिऱ्हाइकाच्या नव्या कोटाच्या दोन्ही बाह्या आखूड झाल्या, तेव्हा त्यांनी शटर खाली ओढलं. 'काही दिवस बंद' असा कागद स्वतःच्या हातानं चिकटवला आणि शिवणयंत्रावर चादर टाकली. त्यानंतर त्या खोलीत त्या दिवासुद्धा लावत नव्हत्या.

मग डॉक्टरांनी वेबवरच्या एका वर्गाची माहिती दिली. ओठ वाचायला शिकवणारा वर्ग, दर मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते बारा. शिकवणाऱ्या बाई स्क्रीनवर यायच्या, आवाज न काढता एक वाक्य बोलायच्या, आणि समोरच्यानं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. वर्ग लहान आणि बाहेर ताटकळणारे पुष्कळ, म्हणून नियम कडक होता. तीन तास बुडले की जागा पुढच्याला. मोबाइलवर बाईंचे ओठ मुगाच्या दाण्याएवढे दिसतात, त्यामुळे डेस्कटॉपच हवा. सासूबाईंनी नवी वही काढली. चार महिन्यांनी वर्ग संपला की दुकान उघडणार, हे त्यांनी समोरच्या वाण्यालाही सांगून ठेवलं होतं.

वर्ग सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी कॉम्प्युटर झाडूनपुसून तयार केला. आता सासूबाई वेबवर जास्त वेळ असणार, म्हणून चांगल्यातला नवा अँटीव्हायरस टाकला. पहिले काही तास ठीक गेले, म्हणजे मधेच सगळं सावकाश चालायचं, पण चालायचं. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी कॉम्प्युटर ठार हँग झाला. बाईंचं तोंड उघडं ते उघडंच. सासूबाईंना आधी वाटलं, आज बाई 'आ' शिकवताहेत. दोन मिनिटं त्या मन लावून तो 'आ' बघत बसल्या. मग माउस हलवला तर तोही जागचा हलेना.

मी रीतसर धावले. दीड तासात दहा गोष्टी केल्या. साठलेला कचरा काढला, ब्राउझर नवा घातला, मेमरीची पट्टी काढून पुसून बसवली, खोक्यातली धूळ फुंकली, हे बंद केलं, ते चालू केलं. "झालं," म्हटलं, "आता बघा कसा पळतो." शुक्रवारी पळाला. पुढच्या मंगळवारी पळाला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी बाई वाक्याच्या मधोमध पुन्हा थिजल्या. दुसरा तास बुडाला. सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या रविवारी आम्ही सगळे खाली जेवायला होतो. जेवणं होत आल्यावर धाकटी म्हणाली, "ताई, मी एकदा बघू का?"

"काय?"

"कॉम्प्युटर."

"तुला त्यातलं काय कळतं?" असं ओठांवर आलं होतं, पण माझ्या नवऱ्यानं घाई केली. "बघू दे की. नाहीतरी आज तिला सुट्टी आहे."

"बघ की," मी म्हणाले. "मला काय!"

पहिला अर्धा तास तिनं कशालाही हात लावला नाही. नुसती समोर बसून राहिली. मी पलंगावर बसून वाटाणे सोलत होते आणि मनात म्हणत होते, आता भिंग लावणार बहुतेक. मग तिनं विचारलं, "ताई, अडकतो तेव्हा फक्त वेबचं पान अडकतं, की माउससुद्धा?"

"सगळंच."

"आणि कोपऱ्यातलं घड्याळ?"

ते मला माहीत नव्हतं. मी काय घड्याळ बघत बसले होते? पण धाकटीनं खुर्ची वळवून तोच प्रश्न सासूबाईंना विचारला, आणि त्या लगेच म्हणाल्या, "घड्याळही थांबतं. पहिल्यांदा अकरा चौदाला थांबलं, दुसऱ्यांदा अकरा बावीसला." वहीत लिहून ठेवलं होतं त्यांनी. इतके दिवस मी विचारलंच नव्हतं.

मग सुरू झालं चष्म्याचं दुकान. आधी वेब बंद ठेवून तिनं सासूबाईंना अर्धा तास नुसतं टाइप करायला लावलं. काही झालं नाही. वेब उघडून बसवलं, तर काही मिनिटांतच पानं जड झाली. म्हणजे दुखणं वेबवर गेल्यावरचं. मग एकेक गोष्ट बंद करायची, सासूबाईंना वेबवर फिरू द्यायचं आणि विचारायचं, "आई, आधी बरं होतं की आता?"

"तसंच."

"मग तसंच." आणि बंद केलेली गोष्ट पुन्हा चालू करून पुढची बंद करायची. मी दहा गोष्टी एका दमात केल्या होत्या, ती दर वेळी एक करत होती आणि ती पुन्हा जागेवर ठेवत होती. दोघींची डोकी स्क्रीनपुढे एकमेकींना लागली होती. सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर होता. तो हात बघून माझ्या पोटात असं दुखायला लागलं की मी टरफलांसकट दाणे कचऱ्यात टाकले.

पाचच्या सुमाराला ती थांबली. "ताई, हा जुना अँटीव्हायरस अजून चालूच आहे वाटतं?"

चालू? त्याची तर मुदत कधीच संपली होती! कित्येक महिने त्याचा एकही निरोप आला नव्हता. आणि मग मला आठवलं. निरोप येत नव्हते, कारण ते मीच बंद केले होते. लाल चौकट आली की सासूबाई घाबरायच्या, म्हणून. बंद केले, विसरून गेले, आणि पुढे समजून बसले की प्रोग्रॅम मेला. त्या जिवंत प्रोग्रॅमच्या डोक्यावर मी दुसरा आणून बसवला. एका कॉम्प्युटरवर दोन अँटीव्हायरस ठेवायचे नाहीत, हे मी प्रत्येक बॅचला दुसऱ्या आठवड्यात फळ्यावर लिहून देते.

धाकटीनं तेही तपासून पाहिलं. नवा बंद करून तासभर, सुरळीत. जुना बंद करून तासभर, सुरळीत. दोन्ही चालू, आणि अकराव्या मिनिटाला सगळं ठप्प.

"एकेकटे दोघंही चांगले आहेत," ती म्हणाली. "एकत्र आले की प्रत्येक पान दोघंही धरून बसतात. सोडत कुणीच नाही."

"जावाजावांसारखं!" दारातून माझा नवरा म्हणाला.

दीर हसले, धाकटी हसली. सासूबाईंनी विचारलं, "काय, काय म्हणाला?" तर धाकटीनं त्यांच्याकडे तोंड करून सावकाश सांगितलं, आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शेवटी मीही हसले. हसण्याइतकं जड काम त्या दिवशी मी दुसरं केलं नाही.

"नव्याची फुकटची मुदत संपत आलीय, जुन्याची अजून आहे," धाकटी म्हणाली. "तुम्ही टाकलेला काढते ताई. चालेल ना?"

"चालेल की."

मंगळवारचा तास सुरळीत गेला. शुक्रवारचाही गेला, आणि त्यात सासूबाईंनी दहापैकी नऊ वाक्यं बरोबर वाचली. त्या आनंदात त्यांनी दुकानातल्या शिवणयंत्राला तेल दिलं. इथपर्यंत मलाही आनंदच होता. पण मग कौतुकाचा पूर आला. "धाकटीनं लावून दिला हो!" वाण्याला सांगून झालं, कानाच्या डॉक्टरांना सांगून झालं, फोनवरून लांबच्या नातेवाइकांना सांगून झालं. फोनवर पलीकडचं त्यांना ऐकू येत नव्हतं, पण यांना सांगायचं होतं. मी पंधरा वर्षं जो रुसवा काढत होते तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. आणि शनिवारी जिन्यात पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला अडवलं. मला, कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईला! म्हणाल्या, "अहो, आमचाही कॉम्प्युटर हँग होतो. तुमच्या जावेला सांगाल का जरा बघायला?"

तळपायाची आग मस्तकात गेली. "सांगते," म्हटलं आणि एकेका ढांगेत दोन पायऱ्या चढून घरी गेले.

सोमवारी दुपारी एक वाजता मी खाली गेले. सासूबाई कानातलं यंत्र काढून झोपल्या होत्या, त्यामुळे पाय न वाजवण्याचीही गरज नव्हती. मी कॉम्प्युटर चालू केला आणि नवा अँटीव्हायरस परत टाकला. कोपऱ्यातलं त्याचं चिन्ह लपवलं. कॉम्प्युटरला संरक्षण कमी पडू नये, असं मी स्वतःला सांगत होते, पण ते मला तेव्हाही पटत नव्हतं. मला हवं होतं ते एवढंच. उद्या तो थोडासा हँग व्हावा, पाच मिनिटं. जिन्याखालून हाक यावी, "थोरले!" मी धावत यावं, दोन मिनिटांत तो दुरुस्त करावा, तास वाचवावा, आणि संध्याकाळी फोनवरून माझं नाव जावं. तास बुडू द्यायचा नव्हता, शपथेवर सांगते. पाच मिनिटांत मी पोचणारच होते ना!

मंगळवारी संस्थेतून आले ती कपडेसुद्धा न बदलता दार उघडं ठेवून बसले. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. चहा केला, तो गार झाला. साडेअकरापर्यंत हाक आली नाही, तेव्हा मला वाटलं की दोन्ही अँटीव्हायरसांचं जमलं वाटतं, आणि खरं सांगते, मी खट्टू झाले. पावणेबाराला जिन्याशी पावलं वाजली. घाईची, पळत आल्यासारखी. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. धाकटी. गळ्यात दुकानाचं ओळखपत्र तसंच.

सासूबाईंचा कॉम्प्युटर अकरा वाजून नऊ मिनिटांनी हँग झाला होता. त्यांनी मला हाक मारलीच नाही. त्यांनी धाकटीला मोबाइलवर निरोप टाकला होता, आणि ती गिऱ्हाईक मालकिणीच्या हवाली करून दोन बस बदलून आली होती. मी डोक्यावर दोन मजले, कान टवकारून बसलेली, आणि निरोप गेला बाजारपेठेत!

मी खाली पोचले तेव्हा धाकटीनं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला होता. सासूबाई खुर्चीच्या कडेवर बसून भिंतीवरचं घड्याळ बघत होत्या. धाकटीनं यादी उघडली. तिथे नवा अँटीव्हायरस होता, आणि त्याच्यापुढे टाकल्याची तारीख होती. कालची. तिनं त्या ओळीवर माउस ठेवला आणि तसाच ठेवून वळून माझ्याकडे बघितलं. मी चौकटीत उभी होते. बघितलं म्हणजे कसं, तर पेला उजेडाकडे धरून बघते तसं.

मग ती सासूबाईंकडे वळली आणि सावकाश म्हणाली, "आई, त्या दिवशी तो नीट निघालाच नव्हता. माझी चूक झाली."

बारा वाजले. त्यानंतर धाकटीनं शिकवणाऱ्या बाईंना फोन केला, विनवण्या केल्या. बाई चांगल्या होत्या, पण नियम तो नियम, आणि जागा कधीपासून वाट बघणाऱ्या कुणाला तरी गेलीही होती. पुढची बॅच पाच महिन्यांनी. धाकटीनं ते सांगितलं. सासूबाईंना ते वाचता आलं, पहिल्याच खेपेला. त्या उठल्या, दुकानाच्या खोलीत गेल्या आणि शिवणयंत्रावर चादर टाकून आल्या.

धाकटी निघताना माझ्याजवळ थांबली. मला वाटलं, आता बोलेल. तोंडभर बोलली असती तर मीही बोलले असते, भांडण झालं असतं, बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "ताई, मी परत कामावर जाते. आईंकडे बघा." आणि गेली. चूक माझी, आणि तीही हिनंच अंगावर घेतली! म्हणजे चांगुलपणातही मला जागा ठेवायची नाही. मला तिचा इतका राग कधीच आला नव्हता.

पुढचे दोन दिवस माझे दिवस होते. "थोरलीलाच बोलवायला हवं होतं," असं दीर म्हणाले. "शेवटी शिकलेलं माणूस ते शिकलेलं माणूस," असं माझा नवरा म्हणाला. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं, "तुम्हीच बघाल का आमचा?" मी बघितला, दुरुस्तही केला. बुधवारी मला छान वाटलं. गुरुवारी दुपारी खाली डोकावले, तर सासूबाई घरी आलेल्या वाण्याच्या तोंडाकडे बघत त्याला सांगत होत्या, "नाही हो, धाकटीला कसं बोलणार? तिला बिचारीला त्यातलं काय येतं? पोर रडवेली झाली होती." मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "दुकान ना? बघू. आता उघडतंय की नाही कुणास ठाऊक." मी दारातूनच परत फिरले, आणि त्या दिवशी संध्याकाळच्या बॅचला काय शिकवलं ते मला आठवत नाही.

शुक्रवारी अकराला मी खाली गेले. सासूबाई नेहमीच्या वेळी नेहमीच्या खुर्चीत बसल्या होत्या. वही मिटलेली. "आलीस? बघ जरा हा नीट," त्या म्हणाल्या. "पाच महिन्यांनी तरी अडायला नको."

मी स्टूल ओढून शेजारी बसले. बघण्यासारखं काही नव्हतंच, धाकटीनं सगळं नीट करून ठेवलं होतं. मी उगाच एक यादी उघडली, दुसरी उघडली. आणि यादीवर नजर ठेवून म्हणाले, "आई, धाकटीची चूक नव्हती. तो मीच परत टाकला होता."

एकदा तोंड उघडल्यावर सोपं गेलं. मी सगळं सांगितलं. काकू, जिना, सोमवारची दुपार, गार चहा. संरक्षणाचं कारण सांगितलं, पाच मिनिटांचं सांगितलं, पंधरा वर्षांचं सांगितलं. शेजारून काही उत्तर नाही. मला वाटलं, चिडल्या. मग वाटलं, बहुतेक माफ केलं.

त्यांनी माझ्या खांद्यावर बोटानं टकटक केलं. "काहीतरी बोलतेयस का? गाल हलतोय तुझा." मी वळले. "इकडे बघून बोल, थोरले. तू कायम त्या स्क्रीनकडे बघून बोलतेस. तुझं वर्षभरात मला काही कळलेलं नाही. म्हणून तर मंगळवारी तुला हाक मारली नाही."

त्या वेळी मला "काही नाही, वायर सैल होती," असं म्हणता आलं असतं. सुटले असते. पण त्यांनी चष्मा नाकावर घट्ट केला होता आणि वर्गात बाईंच्या तोंडाकडे बघायच्या तसं त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी खुर्चीसमोर स्टूल वळवलं. एवढ्या लांबलचक कहाणीतून दोनच वाक्यं उरली. ती मी हळूहळू म्हणाले.

"'तो अँटीव्हायरस,'" त्यांनी वर्गातल्यासारखं परत म्हटलं, "'सोमवारी मीच परत टाकला.' बरोबर?"

मी मान हलवली.

"पुढे."

पुढचं सांगताना माझे ओठ थरथरत होते. त्यांनी मला ते दोनदा म्हणायला लावलं.

"'धाकटीचं कौतुक मला बघवलं नाही.' बरोबर?"

"बरोबर."

माझंच वाक्य त्यांच्या तोंडून मोठ्यानं ऐकलं, तेव्हा ते मला पहिल्यांदा कळलं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "तिला माहीत आहे?"

"आहे."

"आणि मला बोलली नाही."

आता तिचं कौतुक सुरू होणार, असं वाटून त्याही घटकेला माझ्या पोटात दुखलं. काय करू, आहे हे असं आहे. पण त्या धाकटीबद्दल काही बोलल्या नाहीत. "पाच महिने मला रिकामं बसवलंस," एवढंच म्हणाल्या. मी खाली बघितलं, तर त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं.

"मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला इथे यायचं. समोर बसायचं, आवाज न काढता बोलायचं. मी वाचणार. पाच महिने, एकही दिवस चुकायचा नाही. आणि आज रात्री तिच्या घरी जाऊन हेच तिच्यासमोर म्हणायचं."

"म्हणेन," मी म्हणाले. "येईन." आणि राहवलं नाही म्हणून विचारलंच, "इथे धाकटीही येणार का?"

त्यांनी माझे ओठ वाचले. "ती त्या वेळी कामावर असते. तू एकटीच."

मला बरं वाटलं. लाजही वाटली, पण आधी बरं वाटलं, आणि ते माझ्या चेहऱ्यावर लख्ख दिसलं असणार, कारण सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी वही उघडली आणि म्हणाल्या, "चल, सुरू कर."